तांबडीचे काय करायचे?

मैत्रिणींनो, दारात उभ्या असलेल्या गाडीवरून घरात जेवढी धुसफूस होते तेवढी दागिन्यांवरून तरी होत असेल का, अशी मला हल्ली शंका येऊ लागली आहे. फ्रीज दुरुस्त करावा की बदलावा, यावर मी मागे लिहिले तेव्हा एका भगिनीचे पत्र आले. ‘फ्रीजचं ठीक आहे हो, पण गाडीचं काय? आमच्याकडे दर महिन्याला गाडीचं काहीतरी निघतं. हे म्हणतात, एवढंच शेवटचं. आणि ते शेवटचं काही येत नाही!’ पत्र वाचून मला हसू आले आणि जरा लाजही वाटली. कारण त्याच आठवड्यात आमची स्वतःची गाडी गॅरेजच्या दारात तोंड पाडून उभी होती आणि घरात तीन माणसांची तीन मते झाली होती. म्हणून त्या भगिनीला उत्तर द्यायला मला उशीर झाला. आधी आपले निस्तरावे, मग दुसरीला सांगावे, असे ठरवले.

आमची गाडी म्हणजे छोटी, पेट्रोलवर चालणारी, लाल रंगाची. घरात तिला तांबडी म्हणतात. मामंजींनी निवृत्तीच्या पैशांतून २०१० च्या दिवाळीत घेतली. त्यांच्या लहानपणी गाडी म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षे वाट बघायची वस्तू होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा कुठे मध्यमवर्गाच्या दारात गाडीचे स्वप्न उभे राहिले, आणि मामंजींचे ते स्वप्न पुरे व्हायला पुढची सत्तावीस वर्षे गेली. तेव्हा तांबडी आमच्याकडे नुसती गाडी नव्हे, हे तुमच्या लक्षात आले असेल. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालताना मामंजी दोन पावले मागे सरून बघतात, तसे त्यांनी सासूबाईंकडेही कधी बघितले नसेल, असे सासूबाई म्हणायच्या!

आम्ही राहतो कऱ्हाडला आणि माझी आई एकटी चिपळूणला. महिन्यातून एकदा तरी, कधी दोनदा, कुंभार्ली घाट उतरून जावेच लागते. आणि गाडी चालवते मी. ह्यांना ऑफिसातून सुटी मिळत नाही आणि मामंजींना आता रात्रीचे नीट दिसत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये मी आणि धाकटी लेक परत येत होतो. पोफळी मागे टाकली, चढ लागला, पाऊस असा की वायपरला उसंत नाही. आणि गाडी चढेना. ॲक्सिलरेटर दाबावा तर इंजिन नुसते ओरडते, चाकाला जोर म्हणून नाही. जळकट वास सुटला. मागून ट्रक. लेक पुढच्या सीटवर माझ्याकडे बघत गप्प बसलेली. एका वळणावर जरा रुंदी मिळाली तिथे गाडी कडेला घेतली, आणि तासाभराने एका भल्या टेम्पोवाल्याने आम्हाला दोर लावून हेळवाकपर्यंत आणले. क्लच जळाला होता. त्या तासाभरात मी देवाचे नाव घेतले आणि ह्यांचेही घेतले, वेगळ्या अर्थाने.

क्लच म्हणजे आठ हजारांचे काम. पण मेस्त्रींनी गाडी हातात आली म्हणून सगळीच बघितली आणि यादी दिली. शॉकअप आणि खालचे आर्म-बुश सतरा हजार. चार टायर पंधरा हजार. बॅटरी साडेचार. ए.सी.चा कॉम्प्रेसर सोळा. पत्र्याचे काम आणि रंग अंदाजे पंधरा. बेरीज साडेपंचाहत्तर हजार. वर नोव्हेंबरमध्ये गाडीला पंधरा वर्षे पुरी होणार, म्हणजे आर.सी.चे नूतनीकरण आले. खासगी मोटारीला त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून पाच हजार झाली आहे. शिवाय पर्यावरण कर, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना लावावी लागते ती नवी नंबरप्लेट. सगळे धरून पंच्याऐंशी हजारांच्या घरात.

इथेच एक सांगून टाकते, कारण पुष्कळ जणींचा यात गोंधळ असतो. पंधरा वर्षे झाली म्हणजे गाडी भंगारात द्यावीच लागते, असे आपल्या महाराष्ट्रात नाही. जुन्या गाड्यांवर बंदीच्या बातम्या आपण ऐकतो त्या दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागातल्या. आपल्याकडे आरटीओत गाडी दाखवावी, ती चालण्याजोगी ठरली की नोंदणी पाच वर्षांनी वाढते, पुढे पुन्हा पाच. मात्र वीस वर्षांच्या पुढच्या मोटारीला २०२५ च्या ऑगस्टपासून हीच फी दहा हजार केली आहे. कुणी एजंट ‘वहिनी, आता ही गाडी रस्त्यावर आणताच येणार नाही, पंचवीस हजारांत देऊन टाका’ असे म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

तर ह्यांचे मत, गाडी विकायची आणि नवी घ्यायची. ‘पंच्याऐंशी हजार ज्या गाडीत घालायचे ती विकली तर साठ येतात. अगं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!’ त्यातून २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला, तेव्हा तर ह्यांच्या खिशात शोरूमची पत्रकेच दिसायला लागली. मामंजींचे मत, गाडीला काहीही झालेले नाही, नीट वापरली नाही एवढेच. हा टोमणा मला होता. आणि माझे मत काय, ते कुणी विचारले नव्हते. पण एक दिवस जेवताना ह्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, ‘तुझी ती पोस्टातली ठेव कधी पूर्ण होते?’

घास माझ्या हातातच राहिला. ती ठेव दोन लाखांची. शिकवण्या घेऊन साठवलेली. मोठीच्या वसतिगृहासाठी म्हणून बाजूला ठेवलेली. मी काही बोलले नाही, पण त्या रात्री भांडी आवरून झाल्यावर वही घेऊन बसले. आपला पैसा जाणार असेल तर हिशेब आपण केलेला बरा.

मैत्रिणींनो, हा हिशेब कसा मांडावा ते जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक घरी तो चुकीचा मांडतात. ह्यांनी जी तुलना केली, दुरुस्तीचा खर्च एकीकडे आणि गाडीची किंमत दुसरीकडे, ती मुळातच लंगडी आहे. आपल्याला गाडी विकून नफा कमवायचा नसतो, तिच्यातून फिरायचे असते. तेव्हा विचारायचे ते असे, की या वाटेने गेले तर मला दर वर्षी गाडी केवढ्याला पडेल? रेशन जसे महिन्यावर मोजतो तशी गाडी वर्षावर मोजायची.

आधी दुरुस्ती. पंच्याऐंशी हजार आज. शिवाय गाडी विकून जे साठ हजार आले असते ते आपण सोडले, म्हणजे तेही आपण गाडीत घातल्यासारखेच. हे साठ हजार धरायला सगळे विसरतात. वर किरकोळ दुरुस्तीचे वर्षाला पंधरा हजार. तीन वर्षे चालवली आणि शेवटी पंचवीस हजारांना दिली असे धरले, तर वर्षाला पंचावन्न हजार पडतात.

मग नवी. कागदपत्रे, विमा, दहा लाखांखालच्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे अकरा टक्के पडणारा रस्ताकर, सगळे धरून ह्यांनी पसंत केलेली छोटी गाडी सव्वापाच लाखांना दारात येत होती. पावणेदोन लाख ह्यांच्याकडे होते, साडेतीन लाख कर्ज. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता ७,३५० रुपये आणि व्याज एकंदर ९१ हजार. व्याजाचा आकडा मी लाल पेनाने लिहिला. तांबडीच्या अख्ख्या दुरुस्तीपेक्षा जास्त! आठ वर्षे वापरून पावणेदोन लाखांना विकली असे धरले आणि वर्षाच्या सर्व्हिसिंगचे आठ हजार मिळवले, तर वर्षाला त्रेसष्ट हजार.

आणि तिसरी वाट, जी आमच्या घरात कुणी बोललेच नव्हते. तीन-चार वर्षांची वापरलेली गाडी. सव्वातीन लाखांना मिळाली, वर नाव बदलणे, विमा, टायर मिळून तीस हजार, सहा वर्षांनी सव्वा लाखाला विकली, दरसाल देखभाल बारा हजार. वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास. यात गंमत अशी की गाडीची किंमत सगळ्यात झपाट्याने उतरते ती पहिल्या काही वर्षांत. विमा कंपन्यांचाच कोष्टक बघा. तिसरे वर्ष सरता सरता ते गाडीची किंमत तीस टक्क्यांनी कमी धरतात, पाचव्याच्या शेवटी निम्म्यावर आणतात. ही घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. आपण कुणाच्या तरी नवेपणाच्या हौसेवर स्वस्तात फिरतो म्हणा ना.

पंचावन्न, त्रेसष्ट, पन्नास. तुमच्या गावचे आकडे वेगळे येतील, हे तर उघड आहे. पण वही मिटताना मला जे जाणवले ते असे, की ह्यांना वाटत होते तेवढी दुरुस्ती मूर्खपणाची नव्हती आणि मामंजींना वाटत होते तेवढी फायद्याचीही नव्हती. सगळी मेख ‘तीन वर्षे’ या शब्दांत होती. तांबडी जर पाच वर्षे नेटाने चालली, तर तिचा वर्षाचा खर्च चाळीस हजारांवर उतरत होता आणि ती सगळ्यात स्वस्त ठरत होती. वर्षभरात बसली, तर सगळ्यात महाग. मग ती किती चालेल हे सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेले. एकटी. मेस्त्री जरा चपापले, ‘साहेब नाही आले?’ म्हणाले. मी म्हटले, ‘घाटात मी अडकते मेस्त्री, साहेब नाही. मला सांगा, यादीतलं कुठलं दुखणं आहे आणि कुठलं नुसतं म्हातारपण?’

ते हसले, पण त्यांनी मला फार उपयोगाची गोष्ट सांगितली. टायर, बॅटरी, क्लच, ब्रेक, शॉकअप ही झीज. ही कुठल्याही गाडीला येते, पाच वर्षांच्या गाडीलाही येते. तिला घाबरायचे नाही, चपलेचा अंगठा तुटला म्हणून कुणी पाय बदलत नाही. इंजिन तेल पिऊ लागले, गिअर आपोआप सुटू लागले, वायरिंग जागोजाग जोडलेले असले, तर ते दुखणे. धूर बघावा. सकाळी थंड गाडी चालू करून मागे उभे राहायचे. निळसर धूर सारखा येत राहिला तर तेल जळते आहे. काळा आला तर पेट्रोल जास्त जाते आहे, हे बहुधा थोडक्यात निभावते. पांढरी वाफ थंडीच्या दिवसांत घटकाभर येते, त्यात काही नाही. पण गाडी तापल्यावरही दाट पांढरे येत राहिले आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचे काम निघू शकते. तांबडीचे इंजिन तसे निकोप होते. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळतात, त्यासाठी जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप बदलून घ्यावेत, एवढेच ते म्हणाले. मला हायसे वाटले. मनातून मीही तांबडीच्याच बाजूची होते की काय, कोण जाणे.

‘पण बाई,’ मेस्त्री म्हणाले, ‘इंजिन उतरवून नवं करता येतं. गंजाचं तसं नाही. पत्र्याचं मी अंदाजे लिहिलंय, खालून बघितलं नाही अजून.’

‘मग बघा,’ मी म्हटले.

गाडी पिटवर घेतली. आतले पायपुसणे आणि गालिचा उचलला. दरवाज्याखालच्या पट्टीवर पूर्वी कधीतरी लांबी भरून रंग मारला होता, तिथे मेस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत नेले. टण टण टण, आणि मग एकदम भद्द. मागच्या चाकांचा दांडा जिथे बॉडीला धरलेला असतो तिथे त्यांनी टोक लावले आणि ते पापडात घुसावे तसे आत गेले. पंधरा पावसाळे, महिन्या-दोन महिन्यांनी कोकणची खारट दमट हवा, आणि आईच्या अंगणातला चिखल. मेस्त्री काही बोलले नाहीत. मी विचारले, वेल्डिंग होईल का? ते म्हणाले, ‘होईल की. गावात फिरवायला होईल. घाटाला मी जबाबदारी घेणार नाही.’

म्हणून तुम्हाला सांगते, दुरुस्तीचा एक रुपया खर्च करण्याआधी गाडी खालून बघून घ्या. विशेषतः कोकणातल्या आणि समुद्रकाठच्या भगिनींनी. वरून रंग कितीही चकचकीत असो. पत्र्यावर पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवले तरी कळते. लांबी भरलेल्या जागी ते चिकटत नाही. दाराच्या तळाला, मडगार्डला गंज असेल तर तो दिसण्याचा प्रश्न. जिथे चाके, सीट आणि सीटबेल्ट बॉडीला धरलेले असतात तिथे असेल तर तो जिवाचा प्रश्न. याउलट माझ्या एका मैत्रिणीची बारा वर्षांची गाडी आहे. वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर, सगळे गावातल्या गावात, खालचा पत्रा ठणठणीत. तिने साठ हजार घालून गाडी नवीसारखी करून घेतली आणि तिने अगदी योग्य केले. तिला मी नवी घे म्हणाले असते तर ते शहाणपण नव्हते.

घरी येऊन मी सांगितले. ह्यांचा चेहरा जरा खुललाच, आणि मला त्याचा रागही आला. ते म्हणाले, ‘मग काय, देऊन टाकू. तो एजंट साठ हजार द्यायला तयार आहे. तो कुठं खालून बघतोय?’

मामंजी खिडकीशी बसले होते. आता हे काहीतरी जोरात बोलणार म्हणून मी पदराला हात पुसत उभी राहिले. ते हळूच म्हणाले, ‘तो बघत नाही, कारण त्याला विकायचीच आहे. वर रंग मारून तो कुणातरी मास्तराला, कुणा क्लार्कला विकणार. त्याची पोरंबाळं बसणार तिच्यात. आपण सडकी गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नाही.’ मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘सूनबाई, ते सरकारी भंगार केंद्र म्हणतात ते कुठं असतं, बघ जरा.’

साठ हजारांचे अठरा हजार झाले. माझ्या वहीतली एक ओळ खोडावी लागली. ह्यांनी त्यावर एक अक्षर काढले नाही, याबद्दल त्यांना मानले पाहिजे. नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की ते एक प्रमाणपत्र देतात. त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते, किती ते आरटीओत विचारावे. आपण ते नीट जपून ठेवायचे आणि गाडीची नोंदणी रद्द झाल्याचाही कागद मागून घ्यायचा. नाहीतर गाडी गेली आणि नाव राहिले, असे व्हायचे.

आता नवी की वापरलेली? नव्या गाडीचा हप्ता आणि मोठीचे वसतिगृह एकाच वर्षात येत होते, तेव्हा नवी बाजूला पडली. आणि वापरलेली घ्यायची तर किती सालची, हे ठरवताना मला तो घाट आठवला आणि पुढच्या सीटवरची लेक आठवली. तांबडीला एअरबॅग नव्हती, जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी ए.बी.एस.ची सोय नव्हती. २०१९ च्या एप्रिलपासून ही ए.बी.एस. सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली, त्याच वर्षी जुलैपासून चालकाची एअरबॅग, आणि २०२२ पासून शेजारच्या सीटचीही. म्हणून मी सांगून टाकले, २०२२ च्या आधीची बघायची नाही. पन्नास हजार कमी पडत असले तरी नाही.

पहिली गाडी सांगलीच्या बाजूला बघितली. पांढरी शुभ्र, आत अत्तराचा असा घमघमाट की लग्नाच्या वऱ्हाडात शिरल्यासारखे वाटावे. किंमतही तीस हजारांनी कमी. ह्यांना ती आवडली. मेस्त्री बरोबर होते, त्यांनी काहीच न बोलता सीटबेल्ट धरून शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची पिवळट रेघ होती. सीटखालचे स्क्रूही गंजलेले. गाडी पुरात बुडून निघाली होती! विकणारा म्हणाला, पोरांनी पाणी सांडले असेल. एवढे पाणी सांडणारी पोरे मी तरी पाहिली नाहीत. आपल्या भागात २०१९ आणि २०२१ चे पूर झाले, चिपळूणने २०२१ च्या जुलैमध्ये काय भोगले ते मी आईच्या घरात डोळ्यांनी बघितले आहे. अशा पाण्यातून निघालेल्या गाडीचे वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही. तेव्हा अत्तर आले की सीटबेल्ट ओढायचा, हे लक्षात ठेवा.

दुसरी गाडी साताऱ्याला एका जोडप्याची मिळाली. २०२२ ची, एकतीस हजार किलोमीटर झालेली, सर्व्हिसिंगची सगळी बिले एका फाइलमध्ये लावलेली. ती फाइल बघूनच माझे निम्मे मन झाले. बाईंनी ठेवली होती, हे वेगळे सांगायला नको. टायरवर चार आकडे असतात तेही बघितले. २३२२ म्हणजे २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. म्हणजे टायर मूळचेच होते आणि वर्षा-दोन वर्षांत बदलावे लागणार, हे बोलून दाखवले आणि सव्वातीनचे तीन लाख दहा हजार झाले. सरकारी वाहन पोर्टलवर नंबर घालून विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा पाहिला, राहिलेल्या चलनांचे वेगळे पाहिले. बोजा असेल तर बँकेच्या ना-हरकत पत्राशिवाय पैसे देऊ नयेत. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे, घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावून घ्यायचे, विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर मागायचा. विकणाऱ्यांनी तर याबाबत अजिबात आळस करू नये. कागदावर ज्याचे नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच माथी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

पैशाची जुळणी अशी झाली. ह्यांचे पावणेदोन लाख, तांबडीचे अठरा हजार, पतसंस्थेतून वर्षभराच्या मुदतीने पन्नास हजार, आणि माझे एक लाख. दोनातले एकच. दुसरे मोठीचे, त्याला हात लावायचा नाही, हे मी आधीच सांगितले होते. आणि दुसरे एक सांगितले. ते सांगताना आवाज जरा कापला, खोटे कशाला बोलू?

‘गाडी माझ्या नावावर घ्यायची.’

ह्यांनी वर बघितले. ‘नावानं काय फरक पडतो?’

‘फरक पडत नसेल तर माझंच घालू.’

मग त्यांनी एक मुद्दा काढला, आणि तो खरा होता. मामंजींनी इतकी वर्षे विम्याचा क्लेम केला नव्हता, त्यामुळे हप्त्यात पन्नास टक्के सूट मिळत होती. ही सूट गाडीची नसते, माणसाची असते. मामंजींच्या नावावर दुसरी गाडी घेतली असती तर ती तीन वर्षांपर्यंत वापरता आली असती. माझ्या नावावर ती येत नाही. म्हणजे स्वतःच्या नावासाठी मला काही हजार रुपये मोजावे लागले. मी ते मोजले. ज्या भगिनींच्या घरी मालक तोच राहणार आहे, त्यांनी मात्र जुनी गाडी देताना विमा कंपनीकडून या सुटीचे पत्र आठवणीने घ्यावे. पुष्कळ जण ते तसेच सोडून देतात.

त्या महिन्याला खर्चाच्या भगिनीला आता माझे सांगणे एवढेच, की बाई, गेल्या दोन वर्षांची बिले शोधा आणि वहीत झीज आणि दुखणे अशी दोन पाने करा. दुखण्याचे पान भरत चालले असेल तर गाडी पिटवर घ्यायला लावा आणि स्वतः उभ्या राहून बघा. मिस्टरांना पाठवू नका. ते बाहेर चहा पीत बसतील.

गेल्या रविवारी नव्या, म्हणजे आमच्या दृष्टीने नव्या गाडीतून चिपळूणला गेलो. मामंजी पुढे बसले होते. तांबडीतला छोटा पितळी गणपती त्यांनी रुमालात गुंडाळून आणला होता. तो डॅशबोर्डवर चिकटवायला मी नको म्हटले, कारण खाली एअरबॅग आहे, ती उघडली तर त्याच गणपतीचा दगड व्हायचा. तो आता गिअरच्या पुढच्या खणात बसला आहे. घाट चढताना मामंजी एकदाच बोलले, ‘ओढते बरी.’

आई पायरीवर उभी होती. गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून बघितले आणि म्हणाली, ‘चढा-उतरायला बरी आहे गो. पण तुझी ती तांबडी लांबून ओळखू यायची. ही पांढरी गाडी कुणाचीही असते. तू आलीस ते मला कळायचं कसं?’

वळणावर दोनदा हॉर्न वाजवायचा, असे ठरले आहे.